पनवेल ते राजापूर आठ नद्या: लहान मूल घेऊन गाडीने कोकणात जाताना

चार वर्षांच्या मुलाला ‘अजून तीन तास’ असं सांगून काही उपयोग नसतो. तास त्याच्या हिशेबात अजून आलेलाच नसतो. ‘जेवण झाल्यावर’, ‘झोपून उठल्यावर’, ‘बाबा घरी आल्यावर’ ही त्याची वेळ मोजण्याची रीत. म्हणून गाडी पळस्पे फाट्यावर वळते न वळते तोच मागच्या सीटवरून ‘आलं का गाव?’ सुरू होतं आणि आपल्याला तो हट्ट वाटतो. खरं तर आपण कुठवर आलो, किती उरलं आणि या सगळ्यात माझं काम काय, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

गणपतीला किंवा मे महिन्यात मुंबई-ठाण्याहून गावाला निघणाऱ्या घरांत खेळण्यांची पिशवी भरण्याची धांदल असते. पिशवी लागतेच, तिच्याकडे पुढे येते. पण माझ्या मते पहिलं काम वेगळं आहे. सलग दिसणाऱ्या या रस्त्याचे मुलाला कळतील असे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यात त्याला काहीतरी काम द्यायचं. काम असलेलं मूल कमी कंटाळतं, हे घरात कणीक मळताना आपण रोजच पाहतो.

कोकणच्या रस्त्याने हे तुकडे आयतेच करून ठेवले आहेत. सह्याद्रीतून निघालेल्या नद्या पश्चिमेला समुद्राकडे जातात आणि आपला महामार्ग उत्तरेकडून दक्षिणेकडे, त्यामुळे त्या एकामागून एक आडव्या येत राहतात. पनवेल सोडलं की कर्नाळ्याच्या पुढे खारपाड्याला पाताळगंगा. मग कोलाडला कुंडलिका, महाडला सावित्री, खेडला जगबुडी, चिपळूणला वाशिष्ठी, संगमेश्वरला शास्त्री, पाली सोडून लांज्याकडे जाताना काजळी आणि राजापूरला अर्जुना. सुमारे सव्वातीनशे किलोमीटरात आठ मोठ्या नद्या. मधले लहान ओढे आणि पऱ्ये मोजायचे नाहीत, नाहीतर हिशेब बिघडतो. तुमचं गाव चिपळूणला असेल तर पाच नद्या, कणकवली-कुडाळकडे असेल तर आठांच्या पुढे आणखी दोन-तीन. पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगावला उतरणाऱ्यांना पहिल्या दोन नद्या लागत नाहीत. त्यांनी घाट हाच पहिला टप्पा धरावा आणि मग सावित्रीपासून मोजायला लागावं.

आता कपडे वाळत घालायचे आठ रंगीत चिमटे घ्या. पुढच्या सीटच्या मागे जो खिसा असतो, त्याच्या काठाला ते एका बाजूला ओळीने लावा. मूल बेल्ट न सोडता हात पुढे करील तिथे ते यायला हवेत. हात पोहोचत नसेल तर शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाच्या ओढणीला किंवा उपरण्याच्या काठाला लावा. पूल आला की एक चिमटा काढायचा आणि दुसऱ्या बाजूला लावायचा. एवढंच. माझ्या भाचीने हे पहिल्यांदा केलं तेव्हा पाताळगंगेला चिमटा तिच्या बोटांतून दोनदा निसटला. चिमटा दाबून धरायचा, काठावर नेमका बसवायचा आणि मग सोडायचा, यात तिची जीभ दातांत आली होती. कोलाडला तो एका झटक्यात लागला. चिपळूण येईपर्यंत तिने रांगेकडे बघून आपल्या आजीला सांगितलं, ‘इकडे तीन उरल्यात.’ तिला तास कळत नव्हते. पण उरलेले तीन चिमटे तिच्या डोळ्यांसमोर होते आणि त्यानंतर तिने गाव कधी येणार हे कोणाला विचारलं नाही. ती स्वतःच सांगत होती.

पहिली नदी पनवेलपासून जवळ आहे, त्यामुळे खेळ मुलाला लगेच उमगतो. त्यानंतर कोलाडपर्यंतचा तुकडा मात्र लांबतो. तिथे काहीतरी मधलं हाताशी ठेवा. कर्नाळ्याच्या किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका रस्त्यावरून दिसतो, तो शोधायला सांगता येतो, पण तो पाताळगंगेच्या आधीच येतो. पुढे पेण आहे. पेण आणि हमरापूर परिसरातल्या गणपतीच्या कारखान्यांत काम वर्षभर चालतं. आधी विचारून दहा मिनिटं आत जाऊ दिलं, तर रंग न दिलेल्या पांढऱ्या मूर्तींच्या रांगा बघून मूल पुढचा तासभर त्यावरच बोलत राहतं. कोणाच्या हातात मोदक होता, कोणाची सोंड कुठल्या बाजूला होती, उंदीर कुठे होता, हे सगळं गाडीत बसल्यावर विचारायचं. लहान मुलाला बघितलेलं परत सांगायला फार आवडतं.

‘काम काय?’ या प्रश्नाला आणखी उत्तरं आहेत. अक्षरं न येणाऱ्या मुलाला नंबर प्लेटचे खेळ जड जातात. ते सहा-सात वर्षांच्या थोरल्यासाठी ठेवा. रत्नागिरीची एमएच ०८, सिंधुदुर्गची एमएच ०७, रायगडची एमएच ०६, गोव्याची जीए: जसजसे दक्षिणेला सरकाल तसं कुठल्या गाड्या वाढतात हे त्याला आपलं आपण कळू द्या. धाकट्याला मात्र एकच गोष्ट शोधायला द्या. एका टप्प्यात एकच. महाडपर्यंत लालपरी, खेडपर्यंत जेसीबी, चिपळूणपर्यंत कौलारू घर. या महामार्गाचं काम इतकी वर्षं चाललं आहे की जेसीबीची वाण पडत नाही, आणि तीन-चार वर्षांच्या मुलांना जेसीबीइतका आनंद दुसऱ्या कशाचाच होत नाही. मोजत बसू नका, पैज लावू नका. ‘दिसला!’ म्हणून ओरडायला मिळणं हेच बक्षीस असतं. महाडच्या अलीकडे वीर स्टेशनापाशी कोकण रेल्वे रस्त्यालगत येते. तिथे सगळ्यांनीच खिडकीकडे लक्ष ठेवावं. आगगाडी मिळाली तर मिळाली.

पोलादपूर सोडल्यावर कशेडीचा बोगदा लागतो. जवळपास दोन किलोमीटरचा, म्हणजे गाडीने दोनेक मिनिटांचा. बोगद्यात सगळ्यांनी कुजबुजत बोलायचं असा नियम करा. बाहेर उजेडात आल्यावर मोठ्याने बोलायची परवानगी. ज्या मुलाला अंधाराची भीती वाटते त्याला हे आधीच, महाडलाच सांगून ठेवा: आता डोंगराच्या पोटातून जायचं आहे, आत दिवे आहेत, आणि आपण सगळे हळू बोलणार आहोत. आधी सांगितलं की भीतीचा खेळ होतो. आत शिरल्यावर सांगितलं तर रडू येतं.

गोष्टीचंही तसंच. लेकीकडे जाणारी आणि भोपळ्यात बसून परत येणारी म्हातारी ही मुळातच प्रवासाची गोष्ट आहे. ती आपल्या रस्त्यावर आणून सोडा. कोल्हा सुकेळी खिंडीत भेटतो, वाघ कशेडीत, अस्वल भोस्ते घाटात. लेकीचं घर तुमच्या गावाशेजारी. एका बैठकीत गोष्ट संपवायची नाही. घाट आला की पुढचा प्राणी. म्हातारीने वाघाला काय सांगितलं हे मुलाला पाठ असतं, तेव्हा ते त्यालाच बोलायला लावा आणि तुम्ही वाघ व्हा. मागच्या सीटवर आजी असेल तर हे काम तिच्याकडे द्यावं. आजी गावी असेल, तर निघण्याच्या आदल्या दिवशी तिच्याकडून फोनवर दोन-तीन गोष्टी रेकॉर्ड करून घ्या. ज्या घरी आपण निघालो आहोत त्याच घरातला आवाज गाडीत ऐकू येतो, याचा मुलाला फार आधार वाटतो. शास्त्री नदीच्या पुलानंतर आजीला फोन करायचा आणि किती चिमटे उरले ते सांगायचं, असं ठरवून ठेवलं तर दुपारचा सगळ्यात कंटाळवाणा तासही निभतो.

आता पिशवी. तिच्यात जे काही घ्याल ते मऊ, हलकं आणि पडलं तरी चालेल असं असावं. गाडीने कचकन ब्रेक मारला की स्टीलचा डबा किंवा लोखंडी मोटार पुढच्या माणसाच्या डोक्यावर आदळते. घरून निघताना कणकेचा एक गोळा घट्ट मळून, थोडी हळद आणि तेल लावून डबीत घ्या. त्याचे साप होतात, पोळ्या होतात, गणपतीही होतो. तोंडात गेला तरी घाबरण्यासारखं काही नाही, आणि वाळला की फेकून देता येतो. पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचे दोन-चार कागद घ्या. चुरगाळून त्याचे पक्षी, मुकुट, बांगड्या होतात. जुन्या मोज्याला डोळे शिवून केलेली बाहुली, पाण्याच्या ब्रशने रंगणारी पुस्तकं, काढून पुन्हा चिकटणारी चित्रं. एवढं पुष्कळ झालं. बारीक मणी, नाणी, बटणं आणि लहान लोहचुंबक अजिबात नकोत. चुंबक दोन गिळले गेले तर आतड्यात एकमेकांना ओढून धरतात आणि प्रकरण ऑपरेशनपर्यंत जातं.

सगळं एकदम काढू नका. प्रत्येक दुसऱ्या नदीला एक वस्तू बाहेर येईल, जुनी परत पिशवीत जाईल. वस्तू वर्तमानपत्राच्या पुडीत बांधली तर ती सोडण्यातही पाच मिनिटं जातात. महागाची नवी खेळणी घेण्याची गरज नाही. महिनाभर माळ्यावर ठेवलेलं जुनं खेळणं मुलाला नव्यासारखंच वाटतं.

खाणंही असंच तुकड्यातुकड्यांनी. पोट गच्च भरून घाटात शिरू नये, पण रिकाम्या पोटीही नको. तिखट-तेलकट वडापाव, दूध आणि क्रीमची बिस्किटं घाटाच्या आधी टाळावीत. दशमी, तुपाचं बोट लावलेली मऊ पोळी, केळं, संत्र्याच्या सोललेल्या फोडी, राजगिऱ्याचा लाडू कुस्करून. चुरमुरे एका वाटीत दिले की दोन-अडीच वर्षांचं मूल एकेक उचलत बराच वेळ शांत बसतं. पाच वर्षांखालच्या मुलाला चालत्या गाडीत अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, पॉपकॉर्न किंवा कडक गोळी देऊ नका. धक्का बसला की ते श्वासनलिकेत जातं आणि पुढे बसलेल्यांना मागे काय झालं ते कळतही नाही. मूल खात असेल तेव्हा शेजारी जागं मोठं माणूस असलंच पाहिजे.

गाडी लागण्याचा प्रश्न या रस्त्यावर हमखास येतो, म्हणून त्यावर थोडं थांबते. कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो की शरीर वळतंय, हलतंय; डोळे मात्र मांडीवरच्या पुस्तकावर असतात आणि सांगतात की काहीच हलत नाही. या दोन निरोपांचं जमत नाही म्हणून मळमळतं. दोन वर्षांखालच्या बाळांना हा त्रास क्वचितच होतो, दोन ते बाराच्या मुलांना सगळ्यात जास्त. त्यामुळे भोस्ते आणि परशुराम घाटात चित्रांची पुस्तकं, कणीक आणि मोबाईल सगळं बंद. मुलाने समोर, लांब बघायचं. समोरची काच दिसेल अशी जागा मिळाली तर उत्तम. काच थोडी खाली करून वारा येऊ द्यावा, गाडीत अत्तर-फ्रेशनर लावू नये. मूल अचानक गप्प झालं, जांभया देऊ लागलं, चेहरा पांढरा पडला, तोंडाला पाणी सुटलं, की उलटी जवळ आहे असं समजून थांबा. गोळी द्यायची असेल तर ती मुलांच्या डॉक्टरांना विचारूनच, वजनाप्रमाणे. मोठ्यांच्या गोळीचा तुकडा देण्याची पद्धत फार धोक्याची आहे. काही औषधं दोन वर्षांखाली द्यायचीच नसतात. उलटीसाठी तोंड रुंद असलेल्या पिशव्या, ओला नॅपकिन आणि कपड्यांचा एक जोड डिकीत ठेवू नका, हाताशी ठेवा.

मोबाईलबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तो शेवटी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या सूचनांप्रमाणे वर्षाखालच्या बाळाला स्क्रीन नको, दोन वर्षांपर्यंतही नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात तासाभरापेक्षा जास्त नको. पनवेललाच तो तास खर्च केला तर वाहतूक कोंडीत काय करणार? गणपतीच्या आधीच्या दोन दिवसांत माणगावच्या बाजारात गाडी तासभर जागची हलत नाही. तेव्हा गाडी उभी असते, मळमळत नाही, बाहेर बघायला काही नसतं. तो तास त्या वेळी वापरा. घाटात नेटवर्क जातं, म्हणून काय दाखवायचं ते घरीच उतरवून घ्या, आणि किती गोष्टी बघायच्या ते सुरू करण्याआधी ठरवा. मिनिटं सांगू नका, ‘दोन गोष्टी’ असं सांगा.

निघण्याच्या वेळेवर बराच खेळ अवलंबून असतो. पहाटे पाचच्या सुमाराला, झोपेतल्या मुलाला उचलून थेट त्याच्या सीटवर बसवलं तर पेणपर्यंतचा रस्ता झोपेत जातो. पण त्यासाठी गाडी चालवणाऱ्याची आदल्या रात्रीची झोप पुरी व्हायला हवी; बॅगा भरत रात्री एक वाजवून पहाटे निघणं हे मुलासकट सगळ्यांच्या जिवाशी खेळणं आहे. दक्षिणेकडे जाताना सकाळचं ऊन डावीकडून येतं आणि दुपारनंतरचं उजवीकडून. मूल एकाएकी चिडचिडं झालं तर आधी त्याच्या गालावर ऊन येतंय का, बेल्ट कुठे रुततोय का, लंगोट ओला आहे का ते बघा. कंटाळा हे कारण नेहमी सगळ्यात शेवटी धरा.

दर दोन तासांनी पंधरा-वीस मिनिटं गाडी थांबायलाच हवी. तान्ह्या बाळाला तर सीटमधून काढून आडवं करावंच लागतं. थांबायला पेट्रोल पंप सोयीचा, पण तिथे मूल सोडता येत नाही. मागे-पुढे गाड्या वळत असतात. देवळाचं आवार, शाळेचं सुट्टीतलं पटांगण, कुंपण असलेलं उपाहारगृह शोधा. तिथे त्याला धावायला लावा. मोठी माणसं चहा घेत बसतात आणि मूलही खुर्चीत बसवतात, मग थांबून काय मिळालं? एकाने चहा आणावा, दुसऱ्याने पकडापकडी खेळावी. गाडीतून मुलाला उतरवायचं ते डाव्या दारानेच, रस्त्याच्या बाजूने कधीच नाही.

आणि मूल बेल्टमध्ये, त्याच्या मापाच्या सीटमध्ये बसलेलं हवं. हे सगळे खेळ त्याच गोष्टीसाठी आहेत. मूल रमलं की ते बसून राहतं. रमलं नाही की कोणाच्या तरी मांडीवर, मग पुढच्या सीटवर, मग छताच्या उघड्या खिडकीतून बाहेर डोकं काढून उभं, असा क्रम ठरलेला. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने १४ वर्षांखालील मूल बेल्ट किंवा बालआसनाशिवाय नेलं तर चालकाला १००० रुपये दंड आहे. दंडाचं जाऊ द्या. ताशी ५० किलोमीटरच्या वेगात धडक बसली तर मांडीवरचं दहा किलोचं मूल शंभर किलोहून जास्त जोराने पुढे ओढलं जातं. ते कोणत्याही आईच्या हातात राहू शकत नाही. मागे तोंड करून बसवायची बाळाची सीट एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या जागेवर कधीही लावायची नाही. मागची दारं आणि काचा यांचं चाइल्ड लॉक निघण्याआधी तपासा. ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून मुलाला बंद गाडीत ठेवून दुकानात जाऊ नका; उन्हात उभ्या गाडीचं आतलं तापमान दहा मिनिटांत जवळपास १० अंशांनी चढतं.

नवी सीट आणली असेल तर प्रवासाच्या दिवशी पहिल्यांदा बसवू नका. आठवडाभर आधी घरात जमिनीवर ठेवा, त्यात बसून गोष्ट ऐकू द्या, मग बाजारापर्यंतच्या फेरीत वापरा. आणि गाडी चालवणाऱ्याने रडण्याकडे मागे वळून बघायचं नाही, हे आधीच ठरवा. मागे एक मोठं माणूस असेल तर ते बघेल. नसेल तर गाडी बाजूला घेऊन थांबवावी.

रडं येणारच. एवढ्या लांबच्या प्रवासात एकदा तरी येतं. तेव्हा नवं खेळणं पुढे करू नका, लगेच फोन देऊ नका. ‘कंटाळा आलाय ना? मलाही पाय मोकळे करायचे आहेत,’ असं म्हणा, पाठीवर हात फिरवा, नेहमीचं निजायचं गाणं हळू आवाजात म्हणा. पुष्कळदा त्यामागे झोप असते.

परतीचा प्रवास जास्त अवघड जातो, याचा विचार जातानाच करा. मूल दमलेलं असतं, आजोळ सोडून चाललेलं असतं, आणि पुढे घरी वाट बघण्यासारखं काही नसतं. म्हणून दोन पुड्या न सोडता परतीसाठी राखून ठेवा. चिमटे आता उलट्या क्रमाने येतात. मोठ्या मुलाला अर्जुनेपासून नावं आठवायला सांगा, धाकट्याला रंग. येताना मूल सोबत काय काय घेतं ते त्याला ठरवू द्या आणि त्यासाठी झाकणाचा एक वेगळा डबा द्या: काजूच्या बिया, पिंपळाचं पान, किनाऱ्यावरचे शिंपले. शिंपले मात्र आदल्या दिवशी गोड्या पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवा आणि आत किडा राहिला नाही ना ते बघून मगच डब्यात घाला, नाहीतर माणगाव येईपर्यंत गाडीत बसवत नाही.